कठडा, सव्वादोन इंच कमी

आप्पा त्या संध्याकाळी जिना चढले नाहीत.

हे एकदा सांगून टाकलं म्हणजे वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको. आता ते वाक्य विसरून जायचं. कारण आप्पांचा थोरला मुलगा ज्या वहीला ‘इतिवृत्त’ म्हणतो आणि बाकीचे ‘ती वही’ म्हणतात, तिच्यात स्वच्छ अक्षरात लिहिलंय की आप्पा जिना चढले. खाली चौघांच्या सह्या आहेत. चार सह्या असल्या की घडून गेलेल्या गोष्टीलाही जरा बाजूला सरकून उभं राहावं लागतं. तेव्हा आप्पा जिना चढले. कसे, एवढंच सांगायचं उरलंय.

सकाळी नऊ वाजता थोरला आला तोच वही काखेत घेऊन. तो विमा कार्यालयात होता. तिथे दिवसभर लोक कसकसे पडतात, जळतात आणि बुडतात हे वाचून त्याचा चेहरा कायम कुणाला तरी धरायला निघाल्यासारखा झाला होता. घराखालच्या सुतारकामाच्या कारखान्यात, भुशात खुर्ची ठेवून, त्याने बैठक सुरू झाल्याचं जाहीर केलं. बैठकीला धाकटी हजर होती, कारण कारखाना आता तीच चालवत होती. आत्या हजर होती, कारण तिला कुणी बोलावलं नव्हतं.

“विषय पहिला,” थोरला म्हणाला, “आप्पांना आज सुट्टी मिळतेय. पाच वाजता तुझी वहिनी त्यांना घेऊन येईल. प्रश्न असा, की कुठे आणायचं.”

“घरी,” धाकटी म्हणाली.

“घर वर आहे. मध्ये तेरा पायऱ्या आहेत. चौथ्या पायरीवरून ते सात आठवड्यांपूर्वी आले, ते खाली नाही, थेट दवाखान्यात आले. माझ्याकडे लिफ्ट आहे.”

“तुझ्याकडे सहावा मजला आहे दादा. आणि लाकूड नाही. तुझी दारंसुद्धा लाकडाचं सोंग घेतलेली आहेत. आप्पा तिथे दिवसभर करणार काय?”

“जिवंत राहणार,” थोरला म्हणाला.

यावर उत्तर आत्याला सुचलं, पण तिने ते थोरल्याच्या बाजूने वापरलं. “त्याचं बरोबर आहे गं. चाळीस वर्षं तुझ्या बापाने गावभर कठडे लावले. शाळेला लावले, गच्च्यांना लावले, एका बाईच्या कोंबड्यांच्या खुराड्याला लावला. स्वतःच्या जिन्याला काय म्हणे? उद्या लावू.”

“मग आज लावते,” धाकटी म्हणाली. “पाचच्या आत. आप्पा कठडा धरून आपल्या पायांनी वर गेले तर ते इथे राहतील. नाही गेले तर तू घेऊन जा. मी बॅग भरून देईन.”

थोरल्याने ते लिहून घेतलं. ‘आपल्या पायांनी’ या शब्दांखाली रेघ मारली. मग पेन बंद करून, बैठकीच्या बाहेरच्या आवाजात म्हणाला, “तुला काय वाटतं, मला हौस आहे? तू इथे असतेस. काही झालं तर तुला आवाज येतो. मला फोन येतो. आवाज बरा असतो. धावत तरी जाता येतं.”

धाकटीने मान खाली घालून सागाची फळी ओढली. दादाचं म्हणणं पटलं की ती नेहमी काहीतरी जड ओढायची.

कठडा हे तसं सोपं काम. भिंतीला पाच आधार, त्यांच्यावर एक लांब लाकूड, संपलं. पण सोप्या कामात चुका लपत नाहीत, असं आप्पा म्हणायचे आणि मग ते काम दोन दिवस करायचे. धाकटीकडे आठ तास होते.

तिने भिंत बोटाच्या पेराने वाजवत नेली. भरीव आवाज आला तिथे खडूने फुली, पोकळ आला तिथे पुढे. पोपडा धरून ठेवणारी भिंत माणूस धरून ठेवत नाही. फुल्यांवर भोकं पाडली, त्यांत लाकडी खुंट्या ठोकल्या. मग लाकडाला रंधा मारायला घेतला. आत्या पॉलिशवाली, चाळीस वर्षं भावाच्या प्रत्येक कपाटाला तिने चकाकी दिली होती आणि प्रत्येक कपाटाला नावंही ठेवली होती. ती शेजारी स्टूल टाकून बसली.

“जाड ठेवतेयस.”

“शोभतं जाड.”

“शोभायला तो काही वऱ्हाडात निघालेला नाही. त्याची मूठ आठव. मूठ मिटली पाहिजे कठड्याभोवती. अंगठा आणि बोटं भेटत नसतील तर तो आधार नाही, फळीला केलेला नमस्कार आहे.”

धाकटीने डोळे मिटून आप्पांची मूठ आठवली. रंध्याचा दांडा धरलेली, चहाचा कप धरलेली, लहानपणी सायकलच्या सीटमागे धरलेली. मग अर्धा इंच आणखी उतरवला.

“आता बरं,” आत्या म्हणाली. “आणि दोन्ही टोकं भिंतीकडे वळव. उघडं टोक बाही पकडतं. बाही अडकली की माणूस आधी बाही सोडवतो, मग पडतो.”

“तू दादाच्या बाजूने आहेस ना?”

“आहेच. म्हणून काय कठडा वाईट लावू देऊ?”

थोरल्याला या सगळ्यात काही काम नव्हतं. काम नसलेला थोरला म्हणजे घरात सुटलेली म्हैस. तो पॉलिशच्या डब्यात डोकावला, करवतीला ‘धार आहे का’ असं विचारून बोटाला पट्टी लावून आला, आणि शेवटी खिशातून नवीकोरी स्टीलची टेप काढून केविलवाण्या चेहऱ्याने उभा राहिला. धाकटीला दया आली. दया या घरात फार महाग पडते, हे तिला तेव्हा माहीत असायला हवं होतं.

“जिन्याचं माप घे,” ती म्हणाली. “वरच्या फुलीपासून खालच्या फुलीपर्यंत, उतरत्या रेषेत. टेप मध्ये लोंबू देऊ नको.”

तो आनंदाने गेला. पाच मिनिटांनी वरून घोषणा झाली, “साडेतेरा फूट! बरोब्बर! दोनदा मोजलंय!”

“साडेतेरा म्हणजे साडेचार गज,” आत्या म्हणाली आणि भिंतीवरचा गज काढून लाकडावर खुणा करू लागली.

आता या गजाबद्दल. गज म्हणजे तीन फुटी शिसवी पट्टी, काळी कुळकुळीत, आजोबांनी केलेली. तिच्या एका टोकाला तापल्या लोखंडाने डागलेला अर्धा सूर्य होता. हाच अर्धा सूर्य कारखान्याच्या पाटीवर होता, प्रत्येक कपाटाच्या पाठीवर होता. गिऱ्हाईकं विचारायची, हा उगवतोय की मावळतोय? आप्पा म्हणायचे, “काम बघा आणि ठरवा.” कारखान्याचा एकच नियम होता: एका कामाला एकच माप. शक्यतो तेही नको. काठी जागेवर धरायची, खूण करायची, फूट आणि इंच वाण्याला लखलाभ. बाहेरून काचा मागवल्या की त्या प्रत्येक वेळी किंचित मोठ्या यायच्या. त्यावरून आप्पा चौतीस वर्षं काचवाल्याशी भांडत होते, आणि काचवाला, बिचारा, अलीकडे डोळे तपासून आला होता.

आपण हा नियम मोडलाय हे धाकटीच्या लक्षात आलं नाही. तिने खुणेवर करवत चालवली.

सव्वातीनला तिघांनी कठडा उचलून आधारांवर ठेवला. वरचं टोक वरच्या फुलीवर चपखल बसलं. खालचं टोक खालच्या फुलीपर्यंत पोचलंच नाही. पोचलं नाही म्हणजे रुसून अलीकडे थांबलं.

“किती?” धाकटीने विचारलं.

थोरल्याने टेप लावली. “सव्वादोन इंच.”

“चुकीचं मोजलंस!”

“दोनदा मोजलंय! आत्याने चुकीची खूण केली.”

“मी?” आत्या म्हणाली. “तुझ्या जन्माआधीपासून मी खुणा करतेय. तुझ्या जन्माची खूणसुद्धा दाराच्या चौकटीवर मीच केली होती.”

“मग टेप खोटं बोलतेय का?”

“टेप काल दुकानातून आलीय. गज घरातला आहे.”

या बिनतोड युक्तिवादावर थोरल्यानेही टेपकडे संशयाने पाहिलं. धाकटीने टेप घेतली आणि गजाशेजारी ठेवली. तीन फुटांना टेपवर छत्तीस इंच लागतात. गज साडेपस्तीसलाच संपला.

तिघांनी गजाकडे असं पाहिलं, जसं कुणी घरातल्या वडीलधाऱ्याला शिट्टी वाजवताना पाहावं.

“साडेचार गजांना साडेचार अर्धे इंच,” थोरला हळूच म्हणाला. “सव्वादोन. आत्या, म्हणजे गावातलं प्रत्येक कपाट...”

“आखूड आहे.”

“प्रत्येक पलंग...”

“तरीच,” आत्या म्हणाली. “सगळे म्हणतात पोरं उंच झाली.”

त्याच वेळी थोरल्याचा फोन वाजला. वहिनी. तिचा आवाज कारखानाभर ऐकू आला. “सुट्टीचा कागद लवकर मिळाला. निघतोय आम्ही. पाऊण तास. आणि ऐका, आप्पा सकाळपासून विचारतायत की जिना तिथेच आहे ना.”

थोरल्याने फोन ठेवला. वही उघडली. धाकटीला वाटलं, आता लिहील: कठडा अपूर्ण. पण तो नुसता बघत राहिला आणि मग म्हणाला, “जोड देता येतो का गं?”

“देता येतो. मध्ये नाही, टोकाला. तिरका सांधा घालायचा, लांब तासून, म्हणजे सरस धरायला जागा मिळते. पण सरस सुकायला रात्र लागते. तोवर भार खुंटीने घ्यायचा, आणि सांधा नेमका आधारावर यायला हवा. अधांतरी सांधा म्हणजे...” तिने चौथ्या पायरीकडे पाहिलं. “आणि याच रंगाचं जुनं सागवान हवं. नवं सुकताना आकसतं, जुनं आकसत नाही, सांधा उघडतो. असलं लाकूड उरलंय कुठे?”

आत्या उठली. गुडघ्यांवर हात ठेवून, एकेका गुडघ्याची परवानगी घेत. “माळ्यावर,” ती म्हणाली. “तुझा पाळणा.”

“तू दादाच्या बाजूने...”

“आता त्याचीच बाजू कुठेय बघ.”

थोरला शिडी लावून अर्धा माळ्यात शिरला होता. विमा कार्यालयातल्या माणसाने अशी शिडी पाहिली असती तर ‘असं करू नका’ म्हणून तिचा फोटो भिंतीवर लावला असता.

पाळणा खाली आला. चार पायांचा, जमिनीवर ठेवायचा, धुळीने भरलेला. धाकटीने आडवा दांडा काढायला तो उलटा केला, आणि थांबली. एका पायाच्या तळाला एक काळा तुकडा चिकटवलेला होता. अर्ध्या इंचाची शिसवी पाचर. तिच्यावर डागलेला अर्धा सूर्य.

तिने गज आणून टोक त्याला लावलं. सूर्य पूर्ण झाला.

थोरल्याने नाक पुसलं आणि म्हणाला की धूळ फार आहे. धाकटीने पाचर होती तशी ठेवली, दांडा काढला आणि करवत हातात घेतली, कारण पस्तीस मिनिटं उरली होती. रडताना कापलं तर रेघ वाकडी येते, हे तिला कामातून माहीत होतं.

तिने दांडा तासला, तिरका सांधा जुळवला, सरस लावला. थोरल्याने दोन्ही हातांनी दाबून धरलं. तिने आडवी भोकं पाडून दोन खुंट्या ठोकल्या, खालचा आधार सरकवून नेमका सांध्याखाली आणला. स्क्रूंना साबण चोळला म्हणजे ते न कुरकुरता आत जातात. टोक भिंतीकडे वळवलं. आत्याने पॉलिशपेपर घेतला, लाकडाच्या रेषांबरोबर, वरून खाली, आडवा कधीच नाही. वर एक हात तेलाचा दिला. सांधा दिसेनासा झाला.

“दिसत नाही,” थोरला म्हणाला.

“तुला,” आत्या म्हणाली.

आप्पा गाडीतून उतरले तेव्हा निम्मे झाले होते. उरलेले निम्मे वॉकरला टेकून कारखान्याच्या दारात उभे राहिले आणि त्यांनी आधी भुशाचा वास छातीत भरून घेतला. मग वहिनीला म्हणाले, “सूनबाई, आलो गं.” जसं काही तीच एवढे दिवस वाट बघत होती.

जिन्याशी आल्यावर त्यांनी वॉकर सोडला आणि हात कठड्यावर ठेवला. मूठ मिटली. अंगठा बोटांना भेटला. मग तोच अंगठा हळूहळू वर सरकला, थांबला, मागे आला, पुन्हा थांबला.

“सव्वादोन,” आप्पा म्हणाले.

थोरल्याने टेप खिशात आणखी खोल सारली.

“कुणी एकाने टेपने मोजलं, दुसऱ्याने गजाने. आणि हे लाकूड पाळण्याचं.” ते धाकटीकडे वळले. “तळ बघितलास?”

“बघितला.”

आप्पा कठडा धरूनच बोलले, जिन्याकडे तोंड करून, म्हणजे कुणाकडे बघावं लागू नये. “तू तीन आठवडे आधी आलीस. पाळणा घाईत केला, एक पाय आखूड राहिला. मी दारं पोचवायला परगावी गेलेलो. पाळणा डुगडुगायचा, तू झोपेनास. तुझ्या आईने हाताला येईल त्या लाकडाचा तुकडा कापला. संध्याकाळी आलो तर म्हणाली, बघा, मीसुद्धा सुतारकाम केलं. इतकी खूश होती.”

“मग सांगितलं नाहीत तुम्ही?” वहिनीने विचारलं.

“काय सांगू? की बापाचा गज कापलास? तिने दुसऱ्या दिवसापासून करवतीला हात लावला नसता. लावायची ती. पुढे शेल्फं केली तिने, वाकडी, पण केली. मग म्हटलं, गज आखूड तर आखूड, सूर्य अर्धा तर अर्धा, पाटीवरही तसाच काढला. सगळं त्यानेच केलं की सगळं एकमेकांत बसतं.”

“चौतीस वर्षं?” थोरला म्हणाला. “आणि काचवाला?”

“त्याचं वाईट वाटतं,” आप्पा म्हणाले. “पण तो काही माझी बायको नव्हता.”

मग ते चढू लागले. पहिली पायरी. दुसरी. तिसरी. धाकटी एक पायरी मागे, हात न लावता, पण हात पसरून. चौथ्या पायरीवर आप्पा थांबले, तिच्याकडे जुन्या शत्रूसारखं बघितलं, आणि पुढे गेले. पाचवी. सहाव्या पायरीवर त्यांचा पाय थरथरला. मूठ कठड्यावर पांढरी पडली. सांधा कुरकुरला नाही, आधार हलला नाही. माणूस हलला. आप्पा सावकाश वळून पायरीवर बसले.

“दमलो,” ते म्हणाले. “कठडा चांगलाय. मीच आखूड पडलो.”

धाकटीने थोरल्याकडे बघितलं. थोरल्याच्या काखेत वही होती आणि वहीत ‘आपल्या पायांनी’ होतं, रेघेसकट. तिला बॅग कुठे ठेवलीय ते आठवू लागलं. राखाडी, कपाटाच्या वर. ते कपाटही आखूड.

थोरल्याने वही आत्याच्या हातात दिली. स्वयंपाकघरातली खुर्ची आणायला तो आप्पांच्या बाजूने वर गेला आणि येताना खुर्ची डोक्यावर धरून आला. खुर्ची सहाव्या पायरीवर, मागचे पाय एक पायरी वर, अशी टेकवली.

“बसा,” तो म्हणाला. “धाकटे, वरून धर. मी खालून धरतो.”

“अरे, तुझी कंबर...” वहिनी म्हणाली.

“कंबरेचा विमा आहे.”

“उजवीकडे!” आत्याने सूत्रं हाती घेतली. “उजवीकडे म्हटलं, तुझं उजवं नाही, त्याचं उजवं! भिंतीला घासू नका, तेल ओलं आहे!”

सात पायऱ्या. थोरला खालून वजन घेत होता आणि त्याचा चेहरा, आयुष्यात पहिल्यांदाच, ज्याला धरायचं होतं त्याला धरलेल्या माणसासारखा दिसत होता. आप्पा पालखीतल्यासारखे बसले होते, एक हात मात्र कठड्यावर सरकत होता, शेवटपर्यंत. वरच्या टोकाला पोचल्यावर त्यांनी ते टोक कुरवाळलं आणि विचारलं, “बाही अडकू नये म्हणून वळवलंयस?”

“आत्याने सांगितलं.”

“मीच शिकवलं तिला.”

“खोटारडा,” आत्या खालून ओरडली.

सगळे बसल्यावर थोरल्याने वही मागितली. बराच वेळ पेन हवेत धरलं. धाकटी खिडकीतून बाहेर बघत होती. तिला बघवत नव्हतं.

“एक तांत्रिक मुद्दा आहे,” थोरला म्हणाला. “तेरा पायऱ्यांपैकी सहा. हे टेपच्या मापाने अपुरं आहे. पण नियम असा, की एका कामाला एकच माप. आणि हे काम या घरचं आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे घरच्या मापाने चढले.” त्याने लिहिलं, खाली सही केली आणि वही पुढे सरकवली. “रोज एक पायरी वाढवायची. मी रविवारी येऊन खुर्ची धरेन. तोवर सह्या करा.”

वहिनीने केली. आत्याने चष्मा शोधून केली. धाकटीने करताना कागद थोडा ओला झाला. तेलाचा हात, ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी फोन करून थोरल्याला एक अर्ज लिहून घ्यायला लावला. त्याने कार्यालयाच्या वेळेत, कार्यालयाच्या भाषेत तो लिहिला आणि एक प्रत वहीत चिकटवली. ती अशी:

प्रति, मा. अधिकारी, वजने व मापे कार्यालय.
विषय: गजाची लांबी अर्ध्या इंचाने कमी करणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, तीन फुटी गजाची अधिकृत लांबी साडेपस्तीस इंच करण्यात यावी व सदर बदल मागील चौतीस वर्षांपासून लागू समजण्यात यावा, जेणेकरून अर्जदाराने केलेली सर्व कपाटे, पलंग, दारे व एक पाळणा बरोबर ठरतील. काचवाल्यासही तसे लेखी कळवावे, म्हणजे तो डोळ्यांवरील उपचार थांबवील. हे शक्य नसल्यास जगातील इतर सर्व गज अर्ध्या इंचाने कापून मिळावेत. करवत आम्ही पुरवू. पुरावा म्हणून मागितली जाणारी पाचर सोबत जोडता येत नाही, कारण ती अद्याप कामात आहे. अर्जदाराच्या पत्नीस, ती हयात नसली तरी, यातले काहीही कळू न देता प्रकरण निकाली काढण्यात यावे, ही नम्र विनंती.